रिकाम्या खोलीतली डिंकमावशी

आमच्या कार्यालयात तिला सगळे डिंकमावशी म्हणायचे. वास्तविक ती डिंक वापरत नव्हती, खळ वापरायची. गव्हाच्या पिठाची, घरी शिजवून, फडक्यातून गाळून डब्यात आणलेली. पण नाव पडलं ते पडलं, आणि तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. माणसं दुरुस्त करायच्या फंदात ती पडत नसे, तिला नकाशे पुरेसे होते.

मी आवक-जावकच्या टेबलावर बसते. म्हणजे कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जातो आणि बाहेर जाणारा माझं तोंड बघून जातो. माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, बोळाच्या तोंडाशी, आणि समोरच नकाशाखोली. त्यामुळे मावशीला जितकं मी पाहिलंय तितकं तिच्या सख्ख्या भावानंही पाहिलं नसेल, आणि ती तर त्याच्याच घरात राहते.

नकाशाखोलीत जमिनींच्या हद्दींचे जुने नकाशे आहेत. कापडावर चिकटवलेले, घड्या घालून घालून मऊ पडलेले. दोन भाऊ भांडत येतात, प्रत मागतात, नकाशा उलगडावा तर अख्खा कागद शाबूत असतो आणि ज्या रेघेवरून त्यांचं बोलणं बंद झालंय तेवढीच नेमकी घडीवर येऊन विरलेली असते. असं का होतं ते मला आजवर कळलेलं नाही. ते नकाशे सांधणं हे मावशीचं काम. फाटलेल्या कडा ओल्या बोटानं जुळवायच्या, वर खळ लावलेला झिरझिरीत कागद दोन्ही हातांनी तोलून अलगद उतरवायचा, आणि मग तळहात ठेवून बसायचं, खळ धरेपर्यंत. कागद हवेत असताना जोरात श्वास सोडला तरी तो भलत्याच ठिकाणी जाऊन चिकटतो. म्हणून मावशी श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा जपून घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई बसल्या बसल्या झोपली. झाडणाऱ्या बाईनं तिला एकदा आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं होतं. मावशीनं हाकही मारली नाही, कारण त्या वेळी कागद हवेत होता.

त्यात तिच्या बोटांची वेगळीच तऱ्हा. वर्षानुवर्षं ओल्या कागदावर फिरून फिरून बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. दाराशी हजेरीचं अंगठ्याचं यंत्र बसलं तेव्हा त्यानं सगळ्यांचे अंगठे घेतले, मावशीचा घेईना. कोरडा करून झाला, ओला करून झाला, दुसऱ्या हाताचा झाला, मागे रांग लागली, आणि यंत्र आपलं एकच पालुपद धरून बसलं, पुन्हा प्रयत्न करा. शेवटी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यालयप्रमुखांनी, तिला एकटीला सही करायची परवानगी दिली. मावशीला ते फार लागलं.

“सगळ्यांचा घेतं गं,” ती म्हणाली, “माझाच कसा नाही?”

“मावशी, तू चोरी केलीस तर कुणाला पत्ता लागणार नाही, हा फायदा बघ ना.”

ती हसली नाही. मलाही मग आपण उगाच बोललो असं वाटलं.

अशात वरून हुकूम आला की सरकारी इमारतींमधली वीज वाचवायची. हुकूम वाईट होता असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बोळातले दिवे दिवसाढवळ्या जळत असायचे, कारण ते कुणाचेच नव्हते. जेवणाच्या सुट्टीत पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालायचे. खालच्या सभागृहातली थंड हवेची यंत्रं सभा उठून माणसं घरी जाऊन झोपली तरी चालूच, आणि बंद करायला जावं तर चावी कुणाकडे इथून सुरुवात. घरात एक जादा दिवा दिसला तर सगळ्यांना फैलावर घेणारी माणसं इथं खुशाल उजेडात न्हाऊन निघायची. त्यांत मीही आले.

हे ताळ्यावर आणायला जे गृहस्थ आले त्यांना आम्ही वीजसाहेब म्हणू लागलो. तरुण, सडसडीत, लिफ्ट असून जिन्यानं येणारे-जाणारे, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्याविषयी मनात अढी धरायची मी पूर्ण तयारी केली होती. पण माणूस असा की जिन्यात समोर आला तर आधी बाजूला होऊन वाट देणार, आणि वर विचारणार, “ताई, फाइल जड आहे का?” अढीला कुठे जागाच मिळेना, याचा मला थोडा रागही आला.

त्यांनी जुने दिवे काढले, नवे लावले. माझ्या डोक्यावरची गुणगुणणारी नळी गेली आणि मावशीच्या खोलीतलं घड्याळ टिकटिकतं हे मला पहिल्यांदा कळलं. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. इथवर सगळं ठीक होतं. मग आल्या वाट्या.

प्रत्येक खोलीच्या छताला पालथ्या वाटीएवढं पांढरं काहीतरी बसवलं. खोलीत काही हललं की दिवा आपोआप लागणार, थोडा वेळ काही हललं नाही की आपोआप जाणार, आणि कुठल्या खोलीत दिवा किती वेळ जळला याचा आकडा दर महिन्याला वीजसाहेबांच्या कागदावर उतरणार. हे वीजसाहेबांनी सभागृहात नीट समजावून सांगितलं होतं. पण अर्धं कार्यालय त्या वेळी चहाला गेलं होतं, आणि त्या अर्ध्याला ते समजावून सांगायचं काम आमच्या पट्टेवाल्या काकांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

“अंगठ्याचं यंत्र दाराशी,” काका म्हणाले, “ते सांगतं, माणूस आला. आता आला तो बसलाय का नुसता सही ठोकून पसार झाला, ते ही वाटी सांगणार. हजेरीचंच आहे सगळं. दिव्याचं आपलं नाव.”

हे सगळ्यांना इतकं पटलं की खरं ऐकून आलेलेसुद्धा बुचकळ्यात पडले. वीज वाचवायला कुणी एवढा खर्च करेल का? हजेरीसाठी मात्र करेल. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. दिवसभरात लेखापाल बसल्या जागी पाय हलवू लागले, त्यांच्या शेजारणीचं टेबल थरथरू लागलं. एकजण टंकलेखन थांबलं की मान डोलवायचा. मोठे साहेब विचार करताना पेन नाचवायचे, ते का नाचवतात हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी स्वतः भर थंडीत फाइलनं वारा घेत होते. काकांचं खोटं आहे हे मला माहीत होतं. तरी वारा घेत होते.

आणि मावशी? ती तर हलायचीच नाही.

माझ्या जागेवरून तिच्या दाराची वरची काच दिसते. ती उजळायची, थोड्या वेळानं काळवंडायची, पुन्हा उजळायची. आधी त्या खोलीत दिवा असायचा की नसायचा ते मला आठवत नाही. तेव्हा कोण बघायला गेलं होतं? आता मात्र माझी नजर तिथंच. काच अंधारली की मी मनात म्हणायचे, मावशी, हल. एकदा राहवेना म्हणून आत गेले. बाई नकाशावर एक तळहात ठेवून बसली होती आणि दुसरा हात वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा वर केला होता. तोंड छताकडे.

“आहे, आहे,” ती वाटीला म्हणत होती.

“मावशी, ते दिव्याचं आहे गं. हजेरीचं नाही.”

“तसं वीजसाहेब म्हणाले. काका वेगळं म्हणाले.” ती हात खाली न घेता म्हणाली. “मी आपली दोघांचं ऐकते. अंगठा घेत नाही, आता हेही घेईना झालं तर मी जायचं कुठं?”

असं दोघांचं ऐकण्यातच घोळ झाला. एका दुपारी तिच्या खोलीतून ‘अगं बाई’ ऐकू आलं. मी धावले. कागद हवेत, कडा जुळलेल्या, एवढ्यात दिवा गेला. सवयीनं तिचा हात वर गेला, कागद दुमडून नकाशाला चिकटला, आणि तो सोडवताना एका गावाची अख्खी कड निघून हातात आली. मावशी ती चिमूट तळहातावर घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत तिच्या हातून नकाशा फाटलेला मी पाहिला नव्हता. तिनंही पाहिला नसावा. ती रडली नाही, पण पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, “मी बसले तर काम होतं. मी हलले तर मी आहे. मग मी करू तरी काय?”

मी तिला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी निघताना तिनं सांगितलं की घरीही तेच होतं. ती खोलीत बसलेली असते आणि वहिनी येऊन दिवा बंद करून जाते. “मुद्दाम नाही गं करत,” ती म्हणाली, “तिला दिसतच नाही मी. मी ओरडते तेव्हा तीच दचकते.” हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही. अंगठ्याच्या विनोदाची फिट्टंफाट झाली म्हणायची.

काही महिन्यांनी कागद आला. सगळे कागद माझ्याकडून जातात, तसा हाही गेला. इमारतीच्या मागच्या बाजूच्या खोल्यांचा वापर नगण्य असल्याचे आढळून आले आहे, सबब ती बाजू बंद करून तिचा वीजपुरवठा तोडावा. नकाशे तळघरात हलवावेत, नकाशाखोलीतील कर्मचाऱ्यास खाली नकला देण्याच्या खिडकीवर बसवावे. मी शिक्का हातात धरून तशीच बसले. त्या तळघरातून पाण्याचे नळ जातात. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. तिथं नकाशे ठेवले तर वर्षभरात खळीसकट विरघळतील. आणि मावशीला निवृत्तीला दोन वर्षंसुद्धा उरली नव्हती. तेवढे दिवस खिडकीवर बसून लोकांच्या शिव्या खायच्या, आणि आयुष्यभर सांधलेलं पायाखाली कुजताना बघायचं.

मावशीनं कागद दोनदा वाचला. “नगण्य,” ती म्हणाली.

“खोलीचं लिहिलंय, मावशी.”

“खोलीत मीच असते की.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. चष्म्याआड तिचे डोळे इतके गोंधळलेले होते की मला बघवेना. “मी असते ना गं तिथं? तू तर समोरच बसतेस. तू सांग. असते ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक मोठ्या साहेबांकडे गेले.

“अहो ताई,” साहेब म्हणाले, “त्या बसतात हे मला दिसतं. पण कागद म्हणतो बसत नाहीत. आता मी कागदाला काय सांगू?” ते खरोखर विचारत होते. माझ्याकडून उत्तराची वाट पाहत पेन नाचवत बसले. शेवटी म्हणाले, “असं करू. या महिन्याचे आकडे येऊ देत. फरक दिसला तर फेरविचार करता येईल.”

फरक कसा दाखवायचा, हे काकांनी ठरवलं. एवढ्या सगळ्या घोळाचं मूळ आपणच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मात्र मावशीसाठी जीव टाकणारा माणूस. ते शिडी घेऊन आले, मावशीच्याच झिरझिरीत कागदाची लांब पट्टी दोऱ्याला बांधली आणि वरच्या झरोक्यापाशी, वाटीच्या बरोबर समोर टांगली. झरोक्यातून वारा आला की पट्टी डुलायची. पट्टी डुलली की दिवा.

“म्हणजे माझी हजेरी आता कागद लावणार?” मावशीला ते मुळीच पसंत नव्हतं.

“तुमचं कोण ऐकतंय?” काका म्हणाले. “त्याचं तरी ऐकतील.”

त्या महिनाभर नकाशाखोलीची काच एकदाही काळवंडली नाही. मला हायसं वाटलं. मावशीनं मात्र टेबल ढकलत ढकलत खिडकीला नेऊन भिडवलं आणि दिव्याकडे पाठ करून बसू लागली. मी म्हटलं, बाई रुसली असेल. विचारलं नाही. आपण माणसाचं भलं करत असलो की त्याला काही विचारावंसं वाटत नाही, हे मी माझ्यावरूनच सांगते.

महिना संपला आणि वीजसाहेब स्वतः आले. चेहरा असा की दोन रात्री झोप नसावी. मी, काका, आम्ही दोघंही मागोमाग नकाशाखोलीत शिरलो. काम काही नव्हतं.

“मावशी,” त्यांनी पिशवीतून कागद काढला, “मला जरा मदत करा. रविवारी या खोलीत कोण असतं?”

मावशीनं प्रामाणिकपणे विचार केला. “कुणी नसतं, साहेब. कुलूप असतं.”

“रात्री?”

“रात्री कोण येणार?”

“मग दिवसा?”

“दिवसा मी असते.”

वीजसाहेबांनी कपाळ चोळलं. “आधीचे महिने मी पाहिले, तेव्हा इथं दिवसाही कुणी नव्हतं. या महिन्यात दिवसरात्र कुणीतरी आहे. सुट्टीतसुद्धा. सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त दिवा या खोलीत जळलाय. मागच्या महिन्यात मी ही खोली रिकामी म्हणून बंद करायला सांगितली, या महिन्यात उधळी म्हणून बंद करायला सांगावी लागेल. मला काही समजत नाहीये, मावशी. माझ्या यंत्रात बिघाड आहे की तुमच्या…” वाक्य कुठं न्यावं हे त्यांना कळेना.

तेवढ्यात झरोक्यातून वारा आला आणि पट्टी डुलली. साहेबांची मान वर गेली.

“हे काय आहे?”

काका आपल्या चपला न्याहाळू लागले. मी खिडकीबाहेर पाहू लागले. बोलली ती मावशीच.

“ती मी आहे, साहेब.”

साहेब खुर्चीवर चढले, दोरा तोडून पट्टी काढली, नीट गुंडाळली, आणि काय करावं हे न सुचून मावशीच्याच हातात दिली. मग त्यांनी एक स्टूल ओढलं. “तुम्ही काम करा,” ते म्हणाले. “मी बसतो. मला बघायचंय काय होतं ते.”

मावशीनं नकाशा पसरला. तोच, त्या दुपारी फाटलेला. निघालेली कड तिनं एका पाकिटात जपून ठेवली होती, ती जागेवर बसवली. खळ लावलेला कागद उचलला. मोठा होता, मधे ओघळू लागला. पूर्वी तिच्या हाताखाली एकजण होता, तो निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नव्हती. वीजसाहेब आपसूक उठले आणि दुसरं टोक धरलं.

“श्वास जपून,” मावशी म्हणाली.

दोघं वाकले. कागद हळूहळू खाली येऊ लागला. साहेबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला, तो पुसायला त्यांनी हात हलवला नाही. मी दाराच्या आत उभी होते, काका माझ्या मागे. आम्हीही श्वास धरला. का धरला देव जाणे, आमच्या हातात काहीच नव्हतं.

दिवा गेला.

मावशीचा हात वर जायला निघाला, मला तिच्या खांद्यावरून कळलं. “नको,” साहेब ओठातल्या ओठात म्हणाले. तिचा हात थांबला. खिडकीच्या मवाळ उजेडात कागद खाली उतरला, टेकला, कडेला कड मिळाली. मावशीनं तळहात ठेवला, साहेबांनीही ठेवला. त्या खोलीत चार माणसं उभी होती आणि खोली रिकामी होती.

खळ धरल्यावर साहेबांनी हात उचलला तेव्हा दिवा भक्कन लागला. ते स्टुलावर बसले आणि वाटीकडे पाहिलं.

“मग मी कुठं होतो?” ते म्हणाले.

यावर मावशीनं त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला पूर्वी मी तिला दिलेलं पाणी आठवलं. अशा वेळी माणूस दुसरं करणार तरी काय?

जाताना बोळात ते मला म्हणाले, “ताई, मी दिवे मोजत होतो. माणसं मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मी कधी मोजायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही.” काकांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण काकांचं खोटं शेवटी खरंच झालं होतं की. मी गोंधळून मान हलवली.

मागची बाजू बंद करायचा कागद त्यांनी परत घेतला. नकाशाखोलीतली वाटी काढून भिंतीवर साधं बटण बसवलं. हवं तेव्हा लावा, नको तेव्हा बंद करा. काकांनी सगळ्यांना चहा पाजला, स्वतःच्या युक्तीमुळे खोली वाचली अशा थाटात.

दुसऱ्या दिवशी मी येऊन बसले, समोर पाहिलं, तर काच अंधारलेली. बटण बिघडलं, की मावशीच आली नाही? मी दार ढकललं. ती खिडकीशी बसली होती, नकाशावर तळहात ठेवून, शांत.

“अगं, दिवा लाव की. आता बटण आहे ना.”

“कशाला? एवढा उजेड आहे.”

मी बघत राहिले. खिडकीतून तिरका उजेड टेबलावर पडला होता आणि नकाशाच्या प्रत्येक घडीची सावली दिसत होती. “मग इतके दिवस?”

“मी दिवसा कधी दिवा लावलेलाच नाही. वरून उजेड आला की घड्या दिसत नाहीत. पार संध्याकाळ झाली तर लावते.”

“मग हे सांगायचं नाहीस?” माझा आवाज चढला. “सगळं कार्यालय त्या दिव्यापायी नाचलं, मावशी. मोठ्या साहेबांपासून काकांपर्यंत. एका शब्दानं बोलली असतीस तर?”

तिनं मान वर केली. तिला खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते. “दिवा हवा का, असं मला कुणी विचारलं?” ती म्हणाली. “सगळे मी आहे का तेवढंच विचारत होते. म्हणून मी आहे म्हणून सांगत होते.”

मी परत येऊन माझ्या जागी बसले. त्या दिवशी आलेल्या कागदांवर मी शिक्के उलटे मारले, ते लेखापालांनी दाखवून दिले तेव्हा कळलं.

महिनाअखेर वीजसाहेबांच्या कागदावर नकाशाखोलीच्या नावापुढे काहीच लागलेलं नव्हतं. अख्ख्या इमारतीत सर्वांत कमी वीज. बक्षीस द्यायचं झालं असतं तर तिलाच द्यावं लागलं असतं. वीजसाहेब घाबऱ्या घाबऱ्या जिना चढून आले, दार उघडून आत डोकावले. “मावशी?”

“आहे,” ती मान वर न करता म्हणाली.

“बरं, बरं,” म्हणत ते गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग दर महिन्याला तेच ठरून गेलं. काम दुसऱ्या मजल्यावर असलं तरी वर येणार, दार उघडणार, “मावशी?” आणि ती, “आहे.” हळूहळू मलाही ती खोड लागली. जेवणाआधी एकदा डोकावायचं, आहे ना. आहे. काकांचंही तसंच सुरू झालं. मोठे साहेब एकदा तेवढ्यासाठी वर आले आणि आपण कशाला आलो ते विसरल्यासारखं करून गेले. इतकी वर्षं ती तिथं बसली, पण आहे का म्हणून बघायला कुणी गेलं नव्हतं. त्या उरलेल्या काळात मावशी मला जरा ताठ बसलेली वाटायची. हलायची मात्र अजूनही नाही.

मग ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी काम संपवून उठली, टेबल पुसलं, खळीचा डबा धुतला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, “येते गं.” तिच्या जागी कुणी आलेलं नाही. येणार आहे म्हणतात. नकाशे आपल्या जागी कोरडे आहेत, एवढं तरी खरं.

महिना संपला. वीजसाहेब मजले तपासत वर आले, हातात तोच कागद. माझ्या टेबलाशी थांबले. “नकाशाखोली, काहीच नाही,” ते वाचत म्हणाले, “नेहमीसारखं.” आणि दार उघडलं. “मावशी?”

मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. निवृत्तीचे कागद त्यांच्याकडे कशाला जातील?

“साहेब, नाही,” मी म्हटलं. “आता खरंच नाही.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग खोलीकडे. कागदावर काहीच बदललं नव्हतं. ती होती तेव्हाही हेच, ती नाही तरी हेच. ते आत गेले, बटण दाबलं. लख्ख दुपार होती, दिव्याची काही गरज नव्हती. रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, त्यावरून एकदा हात फिरवला, आणि माझ्याशी न बोलता जिन्यानं खाली गेले.

दिवा बंद करायचं विसरून गेले. इमारतभर दिवे विझवत फिरणारा माणूस. मी बटणापर्यंत गेले, हात उचलला, आणि परत येऊन माझ्या जागी बसले. समोरची काच संध्याकाळपर्यंत उजळलेली होती. कार्यालय सुटलं तेव्हा मी जाऊन तो बंद केला.